नोकरीसाठी जर्मनीला निघताना: कोणतं काम आधी, कोणतं नंतर

ऑफर लेटर हातात पडलं की घरात पहिली चर्चा होते ती थंडीच्या कपड्यांची आणि लोणच्याच्या बरणीची. या दोन्ही गोष्टी जर्मनीत मिळतात. मिळत नाहीत ते इथेच राहून गेलेले कागद. महापालिकेतून काढायचा राहिलेला विवाह नोंदणी दाखला म्युनिकमध्ये बसून मिळवायचा म्हणजे भावाला किंवा सासऱ्यांना तीन-चार चकरा ठरलेल्या.

तिथलं जगणं तसं अवघड नाही, पण तिथे एक कागद दुसऱ्या कागदावर उभा असतो. घर मिळालं की पत्त्याची नोंद होते, नोंद झाली की कर क्रमांक येतो, तो आला की पगार नीट कापला जातो, आणि हे सगळं जागेवर असलं की रहिवासी परवाना. यातली एक कडी मागे राहिली की पुढची सगळी कामं तटतात. म्हणून हा लेख कामांच्या क्रमाने लिहिला आहे. तो मुख्यतः पदवी आणि नोकरी घेऊन ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांच्या रहिवासी परवान्यावर, जाणाऱ्यांसाठी आहे. विद्यार्थ्यांचं गणित वेगळं असतं, त्यांना ब्लॉक्ड अकाउंट (राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवलेलं खातं) आणि एपीएस प्रमाणपत्र (शिक्षणाच्या कागदांची पडताळणी) लागतं. नर्सिंगवाल्यांना आधी शिक्षणाची मान्यता आणि बी-टू (ए-वनपासूनच्या सहा पातळ्यांतली चौथी) पातळीचं जर्मन लागतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केल्यापासून त्या वाटेची चौकशी खूप वाढली आहे, पण तो एका स्वतंत्र लेखाचा विषय.

सही करण्याआधी

पहिलं काम म्हणजे पदवी तपासणं. ‘अनाबिन’ हा जर्मन सरकारचा ऑनलाइन माहितीसाठा आहे. आपलं विद्यापीठ तिथे ‘एच प्लस’ म्हणजे मान्यताप्राप्त दाखवलेलं आहे का आणि आपली पदवी यादीत आहे का, हे पाहून त्या पानाची प्रिंट काढून ठेवा. व्हिसाच्या अर्जाला ती लागते. पदवी यादीत नसेल, तर जर्मनीतल्या संबंधित कार्यालयाकडून समकक्षतेचं पत्र मागवावं लागतं आणि त्याला वेळ जातो. कंपनीचं एचआर ‘नंतर बघू’ म्हणालं तरी हे काम आपण आधीच करून घ्यायचं.

दुसरं काम पगाराचं. ब्लू कार्डला किमान पगाराची अट आहे. २०२५ साली ती वर्षाला ४८,३०० युरो होती. माणसांची टंचाई असलेल्या व्यवसायांना आणि नुकतीच पदवी घेतलेल्यांना ती ४३,७५९.८० युरो होती. हा आकडा दर जानेवारीत बदलतो, म्हणून अर्ज करताना चालू वर्षाचा पाहा. ऑफरमधला आकडा रुपयांत गुणून सगळ्यांना सांगायचा मोह होतो, तो आवरा. कर, आरोग्य विमा, पेन्शन, बेरोजगारी विमा असं सगळं कापून एकट्या माणसाच्या हातात ढोबळ मानाने साठ-पासष्ट टक्के पडतात. त्यातून म्युनिक किंवा फ्रांकफुर्टचं भाडं द्यायचं असतं. लायप्झिगमधला थोडा कमी पगार म्युनिकमधल्या मोठ्या पगारापेक्षा जास्त पुरतो, हे तिथे राहणारा कोणीही सांगेल.

तिसरी गोष्ट परिविक्षा काळाची. साधारण सहा महिने असतो, आणि त्या काळात दोन्ही बाजूंना दोन आठवड्यांची नोटीस पुरते. त्यामुळे माझं मत असं, की आधी एकट्याने जावं, घर लावावं आणि मग कुटुंबाला आणावं. कुटुंबाच्या व्हिसाचा अर्ज मात्र सोबतच भरावा. मूल शाळेतलं असेल, तर ते ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये शाळा सुरू होण्याआधी पोचेल असं पाहा. तारखा प्रत्येक राज्यात वेगळ्या असतात.

नावाचा घोळ

यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण हा आपला खास मराठी घोळ आहे.

समजा, एक बाई आहेत सुनीता रमेश जाधव. दहावीच्या गुणपत्रिकेवर त्यांचं नाव ‘जाधव सुनीता रमेश’ असं आडनाव आधी छापलेलं आहे आणि आईचं नाव वेगळ्या रकान्यात. विद्यापीठाच्या पदवीवर तीच तऱ्हा. लग्नानंतर आधार कार्डावर त्या ‘सुनीता अमोल पाटील’ झाल्या, पासपोर्ट मात्र जुन्याच नावावर आहे. आपल्याकडे बँकेतला माणूस यावर फक्त ‘लग्नानंतरचं नाव का?’ एवढं विचारतो. जर्मन कार्यालयातल्या माणसाच्या दृष्टीने या तीन वेगवेगळ्या बाया असतात, आणि पहिल्या बाईचं स्वतःचं नाव ‘जाधव’ असतं.

म्हणून निघण्याआधी पासपोर्ट हा पाया धरा आणि बाकीचे कागद त्याच्याशी जुळवून घ्या. पासपोर्टमध्ये आडनावाचा रकाना भरलेला हवा. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव दिलेल्या नावाच्या रकान्यात असेल, तर जर्मनीत ते तुमचंच दुसरं नाव समजलं जातं. त्यात बिघडत काही नाही, फक्त प्रत्येक अर्जावर पासपोर्टप्रमाणे पूर्ण नाव लिहायची सवय लावून घ्या. नाहीतर विम्याच्या कार्डावर एक नाव आणि बँकेत दुसरं असं होतं. लग्नानंतर नाव बदललं असेल, तर विवाह नोंदणी दाखला हा दोन नावांमधला पूल असतो. मंगल कार्यालयाचं पत्र किंवा पत्रिका तिथे चालत नाही. लग्नाला दहा वर्षं झाली असली आणि नोंदणी राहिली असली, तरी विवाह निबंधकाकडे जाऊन ती आता करता येते. त्यात चुकीचं स्पेलिंग पडलं, तर दुरुस्तीला दाखला काढण्याइतकाच वेळ लागतो, म्हणून खिडकीवरून हलण्याआधी एकेक अक्षर वाचा. नाव लग्नाशिवाय बदललेलं असेल, तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातली प्रत काढून ठेवा.

जन्म दाखल्यांचंही पाहा, मुलांच्या आणि स्वतःच्याही. जुन्या दाखल्यांवर बाळाच्या नावाची जागा पुष्कळदा कोरी असते, कारण बारशाआधीच रुग्णालयाने नोंद पाठवलेली असते. नाव घालून नवा दाखला काढा. कोणत्या कागदावर परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिल (कागदाच्या खरेपणाचा शिक्का) हवं आणि कोणत्या कागदाचं जर्मन भाषांतर हवं, हे जर्मन वकिलातीच्या त्या-त्या व्हिसाच्या यादीतच वाचा. एजंट सरसकट सगळ्यावर शिक्के मारून घ्यायला सांगतात, कारण त्यांना प्रत्येक शिक्क्यामागे पैसे मिळतात.

इथलं घर आवरताना

बँकेचं साधं बचत खातं अनिवासी झाल्यावर तसंच चालू ठेवायचं नसतं, ते एनआरओ, म्हणजे अनिवासींचं भारतातल्या उत्पन्नासाठीचं खातं, करून घ्यावं लागतं. तिकडून पैसे पाठवायचे असतील, तर एनआरई खातं उघडा. त्यावरच्या व्याजाला भारतात कर नाही. पीपीएफ आधीचं असेल तर मुदत संपेपर्यंत चालू राहतं, नवं मात्र उघडता येत नाही. म्युच्युअल फंडांचं केवायसीही बदलून घ्या.

निघायच्या तारखेचा आणि प्राप्तिकराचा संबंध आहे, तो फार कमी लोक पाहतात. नोकरीसाठी परदेशी जाणारा भारतीय नागरिक त्या आर्थिक वर्षात १८२ दिवसांपेक्षा कमी भारतात राहिला, तर त्या वर्षापुरता तो अनिवासी ठरतो आणि जर्मनीतल्या पगाराचा भारताच्या कराशी संबंध राहत नाही. म्हणजे सप्टेंबरचा शेवटचा आठवडा ही सीमा. ऑक्टोबरमध्ये निघालात तर आभाळ कोसळत नाही, कारण दोन्ही देशांत दुहेरी कर टाळण्याचा करार आहे. पण विवरणपत्रात तिकडचा पगार दाखवावा लागतो आणि सीएची फी वाढते. गणपती करून लगेच निघणं बऱ्याच वर्षी या हिशेबात बसतं.

गावाकडे शेती असेल, तर सातबारा काढून नजरेखालून घाला. आजोबांच्या नावावरची जमीन, अडकलेला फेरफार, राहिलेली वारस नोंद ही कामं तुम्ही समोर असताना तलाठी कार्यालयात जितकी पुढे सरकतील तितकी नंतर सरकत नाहीत. अनिवासी भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसाने आलेली ठेवता येते. फ्लॅट भाड्याने द्यायचा असेल किंवा विकायचा विचार असेल, तर विश्वासातल्या माणसाला मुखत्यारपत्र देऊन ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घ्या. तिकडे गेल्यावर हेच करायचं तर भारतीय दूतावासात किंवा वाणिज्य दूतावासात जाऊन सही साक्षांकित करायची, कागद पोस्टाने पाठवायचा, आणि तो भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं. दूतावास बर्लिनला आहे, वाणिज्य दूतावास फ्रांकफुर्ट, हॅम्बुर्ग आणि म्युनिकला.

आणि मोबाइल नंबर! बँक, आधार, पॅन, डीमॅट सगळ्यांचे ओटीपी त्याच नंबरवर येतात. तो बंद पडला की स्वतःच्याच पैशांना हात लावता येत नाही. निघण्याआधी आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्या, दोन सिमचा फोन ठेवा, आणि किमान रिचार्ज करायची आठवण घरातल्या कोणावर तरी सोपवा.

बॅगेत काय

युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणजे साजूक तूप, पेढे, खव्याची बर्फी, श्रीखंडाचा डबा काहीच नाही. आईने कढवलेलं तूप विमानतळाच्या कचऱ्याच्या डब्यात जाताना पाहण्यापेक्षा घरीच ठेवलेलं बरं. गंमत म्हणजे मासळीला ठरावीक वजनापर्यंत परवानगी आहे, त्यामुळे सुके बोंबील कायद्यात बसतात. शेजाऱ्यांच्या नाकात बसतील का, हा प्रश्न वेगळा. हापूसची पेटी वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय चालत नाही, नारळ मात्र चालतो. सुकं खोबरं विमान कंपन्या ज्वालाग्राही समजतात, ते बॅगेत टाकू नका.

तुपाची चिंता करू नका. ‘बुटरश्माल्त्स’ नावाने कढवलेलं लोणी कुठल्याही किराणा दुकानात मिळतं. चक्क्याऐवजी ‘मागरक्वार्क’ घेऊन फडक्यात थोडा टांगला की श्रीखंड उत्तम होतं, तिथली मराठी मंडळी पाडव्याला हेच करतात. तिथला नेहमीचा गव्हाचा आटा ४०५ नंबरचा असतो, तो म्हणजे जवळजवळ मैदा. पोळ्या वातड होतात. भारतीय दुकानातून आटा आणा किंवा १०५० नंबरचं पीठ मिसळून पाहा. भेंडी, कोथिंबीर, कोवळी वांगी तुर्की दुकानात मिळतात. तेव्हा इथून न्यायचं ते गोडा मसाला, मेतकूट, थालीपिठाची भाजणी, आमसुलं आणि कांदा-लसूण मसाला. घरगुती पुड्यांवर इंग्रजीत नाव आणि घटक लिहून चिकटवा.

कुकर न्या. त्यासोबत दोन जादा गॅस्केटं, शिट्टी आणि सेफ्टी व्हॉल्व्हही न्या, कारण आपल्या मापाचे भाग तिथे सहज मिळत नाहीत. शेगडी इंडक्शनची असू शकते, म्हणून चुंबक चिकटणाऱ्या बुडाचाच कुकर घ्या. विजेचा दाब आपल्यासारखाच २३० व्होल्टचा, त्यामुळे मिक्सर चालतो, फक्त आपली तीन पिनांची प्लग तिथे बसत नाही. जाड स्वेटर आणि बूट पुण्यातून घेऊ नका. तिथल्या थंडीला ते पुरत नाहीत आणि वजन खातात. एक बऱ्यापैकी जाकीट अंगावर घालून निघा, बाकीचं तिथे.

निघण्याआधी दातांची कामं उरकून घ्या, चष्म्याचे दोन जोड करा, नेहमीच्या गोळ्यांसाठी औषधाचं मूळ रासायनिक नाव लिहिलेली डॉक्टरांची चिठ्ठी घ्या. मुलांचं लसीकरणाचं कार्ड मूळ प्रतीत सोबत ठेवा. मार्च २०२० पासून जर्मनीत पाळणाघर आणि शाळेसाठी गोवराच्या लसीचा पुरावा सक्तीचा आहे. आपल्याकडे सरकारी दवाखान्यात गोवर-रुबेलाचे दोन डोस दिले जातात, पण कार्डावर तारीख आणि शिक्का नसेल तर उपयोग नाही. दवाखान्यातून ते आताच नीट करून घ्या.

पहिले पंधरा दिवस

उतरल्यावर पहिल्या महिन्यासाठी कंपनीची किंवा भाड्याची सुसज्ज खोली असेल, तर एकच प्रश्न विचारा: ‘इथे पत्त्याची नोंदणी करता येईल का?’ जर्मनीत राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत ‘आनमेल्डुंग’ म्हणजे पत्त्याची सरकारी नोंदणी करायची असते. तिला घरमालकाच्या सहीचा कागद लागतो, ‘वोनुंग्सगेबरबेष्टेटिगुंग’. शब्द पाठ करायची गरज नाही, फोनमध्ये लिहून ठेवा. काही तात्पुरत्या जागांचे मालक हा कागद देत नाहीत, तिथे स्वस्त मिळालं तरी राहू नका. नगर कार्यालयाची अपॉइंटमेंट मोठ्या शहरांत लवकर मिळत नाही, म्हणून पत्ता पक्का झाला की भारतात असतानाच ऑनलाइन वेळ घेऊन ठेवा.

नोंदणीच्या अर्जात धर्माचा रकाना असतो. हा सहज विचारलेला प्रश्न नाही. कॅथलिक किंवा इव्हँजेलिकल लिहिलं की प्राप्तिकराच्या आठ किंवा नऊ टक्के चर्चकर पगारातून कापला जातो. वसईच्या आणि गोव्याच्या वाचकांनी हे जाणून मगच तो रकाना भरावा. हिंदू, बौद्ध, मुस्लिम यांना तो कर नाही.

विवाहित असाल, तर विवाह दाखला याच खिडकीवर दाखवा. कराचे वर्ग त्यावरून ठरतात आणि पती-पत्नी दोघे जर्मनीत राहत असतील तर फरक चांगलाच पडतो. दोन-तीन आठवड्यांत कर क्रमांकाचं पत्र पोस्टाने येतं. ते कंपनीला वेळेत दिलं नाही, तर पगार सहाव्या वर्गाने, म्हणजे सगळ्यात जास्त कर कापून येऊ शकतो. जास्त कापलेले पैसे विवरणपत्र भरल्यावर परत मिळतात, पण पहिल्याच महिन्यात डिपॉझिट भरायचं असताना ते दुखतं.

आरोग्य विमा कंपनी तुम्ही निवडायची असते. सरकारी पद्धतीच्या विम्यात हप्ता पगाराच्या प्रमाणात असतो, निम्मा कंपनी भरते, आणि कमाई नसलेला जोडीदार व मुलं त्याच हप्त्यात येतात. तरुण आणि मोठ्या पगाराच्या लोकांना खासगी विमा स्वस्त पडतो म्हणून दलाल मागे लागतात. कुटुंब आणायचं असेल तर सरकारीच घ्या. एकदा खासगीत गेलं की परत येणं कठीण.

बँक खातं काही बँका पासपोर्टवर उघडतात, काही आनमेल्डुंगचा कागद मागतात. रहिवासी परवान्यासाठी परदेशी नागरिक कार्यालयाला पहिल्याच आठवड्यात लिहा. व्हिसाची मुदत लांब वाटते, पण त्यांची तारीख त्याहून लांब असू शकते.

कायमचं घर

जाहिरातीत दोन भाडी दिसतील. ‘काल्ट’ म्हणजे नुसतं भाडं, ‘वार्म’ म्हणजे त्यात पाणी, कचरा, जिना आणि बहुधा हीटिंग धरून. वीज आणि इंटरनेट त्याच्याही वेगळे. डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्ट भाड्याइतकं असतं आणि कायद्याने ते तीन हप्त्यांत भरता येतं. मालक ‘शुफा’ म्हणजे पतअहवाल मागतो. नव्याने आलेल्याकडे तो रिकामाच असतो, तेव्हा नोकरीचा करार, पगाराच्या पावत्या आणि कंपनीचं पत्र द्या. अर्जासोबत चार ओळींची ओळख जर्मनमध्ये लिहिली तर फरक पडतो.

घर न दाखवता ‘मी लंडनला आहे, डिपॉझिट पाठवा, चावी पोस्टाने येईल’ असं लिहिणारा हमखास ठग. किल्ली हातात येण्याआधी पैसे नाहीत.

‘रिकामं घर’ म्हणजे तिथे खरोखर रिकामं. स्वयंपाकघरात ओटा नाही, कपाट नाही, कधी सिंकही नाही, आणि छतातून दिव्यांच्या नुसत्या वायरी लोंबतात. जुन्या भाडेकरूचं किचन विकत घेता येतं का विचारा, तो सौदा बहुधा परवडतो. ताबा घेताना भिंतीवरचा प्रत्येक डाग कागदावर उतरवून मालकाची सही घ्या आणि फोटो काढा.

आता एक बारीकशी गोष्ट, जिच्यावर बरंच काही अडतं. तिथे इमारतीत फ्लॅट नंबर बहुधा नसतात. दाराशी बेलची पाटी असते, खाली टपालपेट्यांची रांग असते, आणि दोन्हीवर फक्त आडनावं. पोस्टमन ते आडनाव शोधतो. नाव नसेल तर पत्र ‘व्यक्ती इथे राहत नाही’ असा शेरा मारून परत जातं. कर क्रमांक, विम्याचं कार्ड, बँकेचा पिन, परवान्याची तारीख हे सगळं टपालानेच येतं. म्हणून घरात सामान टाकलं की पहिल्या संध्याकाळी कागदाच्या पट्टीवर पासपोर्टमधलं आडनाव लिहून बेलवर आणि पेटीवर चिकटवा, मालकाची धातूची पाटी यायची तेव्हा येईल. पत्नीचं आडनाव वेगळं असेल तर दोन्ही लिहा. दुसऱ्याच्या घरात खोली घेतली असेल, तर पत्त्यात मूळ भाडेकरूचं नावही घाला.

पिवळ्या पाकिटात पत्र आलं तर पाकीट फेकू नका. त्यावर पोस्टमनने हाताने तारीख घातलेली असते आणि उत्तराची मुदत त्या दिवसापासून मोजतात. घराघरांत जाड रिंगांच्या फायलींची रांग का असते, हे सहा महिन्यांत कळतं. पहिल्या काही पत्रांत एक रेडिओ-टीव्ही शुल्काचं असेल, घरटी महिन्याला १८.३६ युरो. टीव्ही नसला तरी भरावं लागतं. ते फसवणुकीचं पत्र नाही.

शेजार

रात्री दहा ते सकाळी सहा शांतता, रविवारी दिवसभर. मिक्सर, ड्रिल, वॉशिंग मशीन तेव्हा बंद. रविवारी दुकानंही बंद असतात, दूध-भाजी शनिवारीच आणा. श्टुटगार्टच्या बाजूला गेलात तर ‘केअरवोखे’ भेटेल: आळीपाळीने एकेका घराने आठवडाभर जिना आणि आवार झाडायचं. पाळी आली की दाराला एक पाटी लटकलेली दिसते, काम झालं की ती शेजारच्या दाराला अडकवायची. इमारतीत ओळख करून घ्यायला याहून सोपी संधी नाही.

फोडणीचं तंत्र सांभाळा. बंद खिडक्यांत रोज फोडणी आणि भाताची वाफ कोंडली की कोपऱ्यात बुरशी धरते आणि तिचा खर्च मालक भाडेकरूवर टाकू पाहतो. थंडीतही दिवसातून दोन-तीनदा खिडक्या सताड उघडून पाच-दहा मिनिटं हवा खेळवायची. भाडेकरारात हे लिहिलेलंसुद्धा असतं.

तृतीय पक्ष दायित्व विमा घ्या. वर्षाला थोडेच पैसे लागतात, आणि मुलाच्या सायकलने कोणाच्या गाडीला ओरखडा गेला की त्याची किंमत कळते. भारतीय वाहन परवाना रहिवासी झाल्यापासून सहा महिने चालतो, नंतर लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढला असला तरी मुदत सहा महिनेच. गाडीची घाई करू नका. २०२३ साली ४९ युरोंना सुरू झालेलं डॉइचलांडटिकेट २०२६ पासून ६३ युरोंना झालं, तरी महिनाभर देशभरातल्या बस, ट्राम आणि प्रादेशिक गाड्या त्यात येतात. जलद आयसीई त्यात येत नाही. ते मासिक वर्गणीचं असतं, रद्द करायचं तर महिन्याच्या दहा तारखेआधी.

आजारपणात थेट तज्ज्ञाकडे जायची पद्धत नाही, आधी घराजवळचा ‘हाउसआर्त्स्ट’ म्हणजे फॅमिली डॉक्टर गाठायचा. ताप-खोकल्याला तो चहा आणि विश्रांती सांगेल, अँटिबायोटिक देणार नाही, त्याची मनाची तयारी ठेवा. रात्री-अपरात्री डॉक्टर हवा तर ११६११७, जिवावरचं असेल तर ११२, पोलीस ११०.

मुलं लहान असतील तर पाळणाघरासाठी आनमेल्डुंग झाल्या दिवशी नाव घाला. पहिला वाढदिवस झालेल्या मुलाला जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क आहे, जागा मात्र कमी आहेत. शाळा सक्तीची आहे, आणि गणपतीसाठी आठवडाभर दांडी मारायची म्हटलं तर मुख्याध्यापकांची परवानगी लागते. सुट्टीआधी विमानतळावर पोलीस मुलांच्या शाळेची चौकशी करतात, असं बव्हेरियात झालेलं आहे. तिकिटं शाळेच्या सुट्ट्या पाहूनच काढा.

भाषा

ऑफिसात इंग्रजी चालतं म्हणून भाषा टाळणारे दोन वर्षांनी अडतात. ब्लू कार्डवर कायमचा परवाना ए-वन पातळीवर २७ महिन्यांनी आणि बी-वन असेल तर २१ महिन्यांनी मिळू शकतो. शिवाय प्लंबर, शाळेतल्या बाई, नगर कार्यालयातला कारकून यांच्याशी इंग्रजी चालेलच असं नाही. पुण्या-मुंबईच्या लोकांना यात मोठी सोय आहे. माक्स म्युलर भवन आणि पुण्यातलं रानडे इन्स्टिट्यूट हाताशी असताना ए-वन, ए-टू इथेच उरकून घ्या. ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला व्हिसासाठी भाषेची अट नाही आणि नोकरीही करता येते. पण नोकरी शोधायला लागल्यावर पहिला प्रश्न भाषेचाच येतो, म्हणून वर्गात दोघांनी बसावं.

म्युनिक, बर्लिन, फ्रांकफुर्ट, श्टुटगार्ट अशा शहरांत मराठी मंडळं आहेत. गणेशोत्सवाची वाट न पाहता आधीच निरोप टाका. जुनं किचन, मुलांची सायकल, हिवाळी बूट, कोणाची तरी रिकामी होणारी खोली हे सगळं तिथल्या ग्रुपवर फिरत असतं.

आई-बाबा येणार असतील तर

त्यांना तुमच्या आरोग्य विम्यात घेता येत नाही. ते येतात ते शेंगेन पर्यटक व्हिसावर, १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. त्यासाठी तुम्ही परदेशी नागरिक कार्यालयात जाऊन ‘फेरफ्लिश्टुंग्सएर्क्लेरुंग’ म्हणजे खर्चाची हमी देणारं पत्र काढायचं आणि मूळ प्रत कुरिअरने भारतात पाठवायची. या अपॉइंटमेंटलाही वेळ लागतो, म्हणून मेमध्ये आणायचं असेल तर जानेवारीतच सुरुवात करा. प्रवासी विमा किमान ३०,००० युरोंचा सक्तीचा असतो, पण आधीपासूनचे आजार त्यात बहुतेक वेळा धरत नाहीत. रक्तदाब-मधुमेह असेल तर पॉलिसीतला तो परिच्छेद नीट वाचा आणि पूर्ण मुक्कामाच्या गोळ्या चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत द्यायला सांगा. दिवस मोठे असतात ते मे ते ऑगस्ट. डिसेंबरमध्ये साडेचारला अंधार पडतो, तुम्ही दोघे कामावर असता आणि घरात त्यांना बोलायला कोणी नसतं. तिकीट त्या हिशेबाने काढा, आणि तुपाचं त्यांना आधीच फोनवर बजावून ठेवा.